तीन बचावपटू की चार? नव्या मोसमापूर्वी मांडणी ठरवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी

नागपूरजवळच्या कामठीतील एका फुटबॉल संघाला प्रशिक्षण देणारे माझे एक स्नेही नव्या मोसमापूर्वी एका निर्णयापाशी येऊन अडले आहेत. त्यांचा संघ आजवर मागे चार बचावपटू, त्यांच्या पुढे दोन मिडफिल्डर (मधल्या फळीतले खेळाडू), मग तिघे आणि टोकाला एक स्ट्रायकर ठेवून ४-२-३-१ अशा मांडणीने खेळत आला. आता तीन सेंटर बॅक (गोलसमोर मध्ये उभे राहणारे बचावपटू), दोन्ही बाजूंना एकेक विंगबॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारा), मध्ये दोन मिडफिल्डर, त्यांच्या पुढे दोन खेळाडू आणि टोकाला एकटा स्ट्रायकर, म्हणजेच ३-४-२-१, ही मांडणी स्वीकारावी का, असे त्यांनी मला विचारले. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नसावा. नागपुरात मोतीबागच्या रेल्वे मैदानावर सामने पाहताना, रात्री टीव्हीवर दिसलेली रचना सकाळी आपल्या मुलांकडून खेळवून पाहण्याची इच्छा अनेक प्रशिक्षकांच्या बोलण्यात मला जाणवली आहे. स्नेह्यांना मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी ठेवून येथे सविस्तर लिहितो आहे.

मी इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या क्लबचा चाहता आहे, आणि या तुलनेसाठी त्या क्लबइतके उपयोगी उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण जवळजवळ त्याच खेळाडूंनी एकाच मोसमात दोन्ही रचना खेळून दाखवल्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रुबेन अमोरिम प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांच्या पद्धतीवर विश्वास ठेवायला सबळ कारण होते. याच ३-४-२-१ च्या बळावर त्यांनी लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबला २०२०-२१ मध्ये तब्बल १९ वर्षांनी पोर्तुगालचे विजेतेपद मिळवून दिले होते, २०२३-२४ मध्ये ते पुन्हा जिंकले होते, आणि युनायटेडमध्ये रुजू होण्याच्या आठवडाभर आधी मँचेस्टर सिटीला ४-१ असे हरवले होते. तरीही २०२४-२५ चा मोसम युनायटेडने ४२ गुणांसह पंधराव्या क्रमांकावर संपवला आणि युरोपा लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना बिल्बाओ येथे टॉटनहॅमकडून ०-१ असा गमावला. पुढच्या मोसमात अमोरिम यांनी स्वतः पोप आले तरी आपण रचना बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर पत्रकारांना दिले. अखेर २६ डिसेंबर २०२५ ला न्यूकॅसलविरुद्ध त्यांनी चार बचावपटू उतरवले. आपल्याकडे तो सामना रात्री दीड वाजता सुरू झाला, आणि तो १-० असा जिंकताना मी पाहिला. चारच दिवसांनी, तक्त्याच्या तळाशी असलेल्या वुल्व्ह्जविरुद्ध ते पुन्हा तिघांकडे वळले आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. ५ जानेवारी २०२६ रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

त्यानंतर मोसमाच्या उर्वरित काळासाठी मायकल कॅरिक आले. त्यांनी ४-२-३-१ ही मांडणी घेतली आणि पहिल्याच सामन्यात मँचेस्टर सिटीला २-० असे, तर पुढच्या आठवड्यात आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवले. एवढ्यावरून चार बचावपटूंची रचना श्रेष्ठ ठरवणे घाईचे होईल. प्रशिक्षक बदलल्यावर खेळाडूंच्या अंगात येणारा उत्साह हाही त्या विजयांचा एक भाग असतो. म्हणून निकालांपेक्षा, त्याच खेळाडूंकडून दोन्ही रचनांनी काय मागितले आणि त्यांना काय दिले, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पॅट्रिक डोर्गूचे उदाहरण मी सर्वात आधी घेतो. २०२५ च्या फेब्रुवारीत इटलीच्या लेच्चे क्लबकडून हा तरुण डावखुरा खेळाडू खास विंगबॅकच्या जागेसाठी घेतला गेला. त्या जागेवर तो मनापासून धावत असे, पण चेंडू त्याला मिळायचा तो मैदानाच्या मध्यरेषेजवळ, कडेच्या रेषेला चिकटून, बहुधा गोलकडे पाठ करून. तेथून पुढे गेला तर मागची मोकळी जागा त्याला खुणावायची आणि मागे थांबला तर पुढे डाव्या बाजूला कोणीच नसायचे. या दोन ओढींमध्ये त्याचा निर्णय नेहमी अर्धा क्षण उशिरा व्हायचा. आता हाच मुलगा चार बचावपटूंच्या रचनेत पाहावा. त्याच्या मागे फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, उभा राहिला, मागची चिंता संपली, आणि डोर्गू प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीमागे धावू लागला. न्यूकॅसलविरुद्धचा एकमेव गोल त्याचा होता, सिटीविरुद्ध त्याने गोल केला, आर्सेनलविरुद्धही केला. तीन महत्त्वाचे गोल, आणि तिन्ही वेळा त्याच्या संघात चार बचावपटू होते. त्याचा वेग आणि त्याचे पाय डिसेंबरच्या आधीही तेच होते. बदलली ती त्याच्या धावेची सुरुवात, जी तीस-चाळीस पावले पुढे सरकली.

विंगबॅक ही फुटबॉलमधील सर्वात कठीण जागांपैकी एक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. त्या एका खेळाडूने विंगरप्रमाणे, म्हणजे कडेच्या आक्रमकाप्रमाणे, गोलसमोर क्रॉस द्यायचा, चेंडू गेला की फुल बॅकप्रमाणे धावत परत यायचे, आणि संघ दडपणाखाली असताना पाचवा बचावपटू म्हणून उभे राहायचे. ज्या संघांनी या रचनेने मोठे यश मिळवले, त्यांच्याकडे या दोन जागांवर कोण होते ते पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. २०२३-२४ मध्ये बुंडेसलीगा ही जर्मनीची लीग एकही सामना न हरता जिंकणाऱ्या लेव्हरकुसेनकडे डावीकडे ग्रिमाल्डो आणि उजवीकडे फ्रिम्पोंग होते. अमोरिम यांच्या पहिल्या विजेत्या स्पोर्टिंग संघात नुनो मेंडेस आणि पेद्रो पोरो होते. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून ०-३ असा पराभव झाल्यावर आंतोनियो कोंते यांनी चेल्सीला तीन बचावपटूंवर आणले, सलग १३ लीग सामने जिंकले आणि पुढे विजेतेपदही मिळवले. तेथे डावीकडे मार्कोस अलोन्सो होता, तर उजवीकडे मूळचा विंगर असलेल्या व्हिक्टर मोझेसला त्यांनी विंगबॅक म्हणून घडवले. मोझेसचे उदाहरण आपल्या प्रशिक्षकांना मोह घालणारे आहे, पण आठवडाभर रोज सराव घेणाऱ्या व्यावसायिक क्लबमध्ये ते शक्य झाले, हे विसरता कामा नये.

दुसरा फरक मैदानाच्या मध्यभागी आहे, आणि माझ्या मते युनायटेडचे खरे नुकसान तेथेच झाले. ३-४-२-१ मध्ये मिडफिल्डर दोनच असतात. समोरच्या संघाने मध्ये तीन खेळाडू ठेवले की हे दोघे कायम एका माणसाने कमी पडतात, आणि ती उणीव भरून काढायला एखाद्या सेंटर बॅकने धाडसाने पुढे यावे लागते किंवा पुढच्या दोघांपैकी एकाने मागे उतरावे लागते. अमोरिम यांनी यावर ब्रुनो फर्नांडिसला खाली आणून कासेमिरोच्या जोडीला बसवले. ब्रुनोने कष्टात कधी कसूर केली नाही, हे मी आग्रहाने सांगेन. पण ज्या माणसाचा शेवटचा पास हे संघाचे सर्वात धारदार शस्त्र आहे, त्याला प्रतिस्पर्ध्याच्या मिडफिल्डरमागे धावायला लावल्यामुळे ते शस्त्र गोलपासून लांब गेले. दुसरीकडे कोबी मैनू हा अंगावर माणूस असताना चेंडू वळवून घेणारा, लहान जागेत शांत राहणारा मिडफिल्डर बहुतेक वेळ बाकावर बसून राहिला, कारण दोघांनी संपूर्ण मध्यभाग धावून राखायचा ही अट त्याच्या खेळाशी जुळत नव्हती. कॅरिक यांनी मैनूला कासेमिरोच्या शेजारी उभे केले, ब्रुनोला पुन्हा स्ट्रायकरच्या मागे पाठवले, आणि एका बदलात दोघेही आपापल्या जागी परतले.

विंगरांविषयी फार लांबण लावत नाही. या रचनेत खऱ्या अर्थाने विंगरला जागाच नसते. त्याने एक तर आत येऊन दहा क्रमांकाच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे राहणाऱ्या, खेळाडूसारखे खेळावे, नाही तर विंगबॅक व्हावे. रॅशफर्ड आणि गार्नाचो दोघेही अमोरिम यांच्या काळात क्लबबाहेर गेले. त्यामागे रचनेखेरीज इतरही कारणे होती, तरी रचनेत त्यांचे नैसर्गिक स्थान नव्हते ही गोष्ट उरतेच. अमाद दियालो उजव्या विंगबॅकवर कौतुकास्पद खेळला, पण त्याला स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राजवळ बचाव करताना पाहून मला दर वेळी हळहळ वाटे.

आता तीन बचावपटूंच्या बाजूने जे खरोखर बलवान आहे, तेही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजे. ऑलिव्हर ग्लासनर यांच्या क्रिस्टल पॅलेसने हीच ३-४-२-१ मांडणी घेऊन त्याच देशात, युनायटेड पंधराव्या क्रमांकावर राहिले त्याच मोसमात, १७ मे २०२५ रोजी मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून एफए कप ही इंग्लंडची चषक स्पर्धा जिंकली; विंगबॅक मुन्योसच्या पासवर एझेने तो गोल केला. म्हणजे दोष रचनेत आहे असे म्हणता येत नाही. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना दोन्ही विंगबॅक मागे येऊन पाच जणांची फळी तयार होते आणि मैदानाची संपूर्ण रुंदी झाकली जाते. दोन स्ट्रायकर घेऊन येणाऱ्या संघासमोर तीन सेंटर बॅक म्हणजे एक माणूस कायम मोकळा, जो उंच चेंडूनंतर खाली पडणारा दुसरा चेंडू उचलू शकतो. पायात चेंडू ठेवून पुढे येणारा, युनायटेडच्या लिसांद्रो मार्टिनेझसारखा बचावपटू असेल, तर बाजूचा सेंटर बॅक मिडफिल्डमध्ये घुसून ती एका माणसाची उणीवही भरून काढतो. समोरचा संघ एकच स्ट्रायकर ठेवत असेल तर मात्र तीनपैकी एक जण बराच वेळ बिनकामाचा राहतो, आणि तो एक जण मध्ये कमी पडलेला असतो.

नागपूरच्या संदर्भात या तुलनेचे पारडे कोठे झुकते, याचा विचार मी प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी केला आहे. आपल्याकडील काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हात दगडासारखी कडक. ओल्या मैदानावर जमिनीलगतचे छोटे पास टिकत नाहीत, लांब चेंडू वाढतात, आणि त्या परिस्थितीत तीन सेंटर बॅक निश्चितच सोयीचे ठरतात. उलट मार्चनंतरच्या उन्हात, जेव्हा दुपारी चारलाही अंगाची काहिली होते, तेव्हा पूर्ण नव्वद मिनिटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणारा विंगबॅक कोठून आणायचा? इंग्लंडमध्ये साठाव्या मिनिटाला त्याच तोडीचा दुसरा विंगबॅक बाकावरून उठतो. आपल्या संघांच्या बाकावर बहुधा दोन शाळकरी मुले, एखादा जुना अनुभवी खेळाडू आणि राखीव गोलरक्षक असतो. शिवाय नोकरी किंवा महाविद्यालय सांभाळून येणाऱ्या मुलांचा पूर्ण संघ सरावाला आठवड्यातून दोन-तीनदाच एकत्र जमतो. तीन बचावपटूंच्या रचनेत एक सेंटर बॅक बाहेर ओढला गेला की उरलेल्या दोघांनी आणि दूरच्या विंगबॅकने किती सरकायचे, हे पायांना आपोआप कळावे लागते, आणि ती सवय फळ्यावर आकृती काढून लागत नाही. चार बचावपटूंच्या हालचाली आपली मुले शाळेपासून शिकलेली असतात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कामठी आणि नागपूरच्या मैदानांवर वाढलेल्या मुलांचे बलस्थान बहुतेक वेळा कडेने एकास एक भिडून पुढे जाण्यात आहे. अरुंद जागेत, खडबडीत जमिनीवर शिकलेले ते ड्रिब्लिंग ज्या मांडणीत विंगरला त्याची जागा मिळते, तेथेच फळाला येते.

म्हणून माझ्या स्नेह्यांना आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक प्रशिक्षकाला माझे सांगणे असे आहे की, रचना निवडण्याआधी आपल्या अठरा जणांच्या यादीतून दोन विंगबॅक आणि त्यांचे दोन बदली खेळाडू अशी चार नावे कागदावर लिहावीत, मग मध्यभाग दोघांत राखू शकेल अशी एक जोडी लिहावी. ही सहा नावे न अडखळता लिहिता आली, आणि आपला सर्वोत्तम पास देणारा खेळाडू त्या जोडीत खर्ची पडत नसला, तर ३-४-२-१ जरूर स्वीकारावी. तिसऱ्या नावापाशीच हात थांबला, तर चार बचावपटूंवर राहावे, आणि तीनची मांडणी आघाडी टिकवण्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी किंवा चिखलातल्या सामन्यासाठी शिकवून ठेवावी. अमोरिम यांच्या कार्यकाळातील माझी सर्वात मोठी तक्रार हीच आहे की, स्वतःच्या रचनेवरील निष्ठेपायी त्यांनी हा दुसरा पर्याय डिसेंबर उजाडेपर्यंत जवळ केला नाही.

माझ्या स्नेह्यांच्या संघापुरते बोलायचे तर त्यांचा उजवा फुल बॅक न थकता धावणारा आहे आणि तो विंगबॅक सहज होईल. डावीकडे मात्र त्यांच्याकडे सतरा वर्षांचा एक विंगर आहे, ज्याच्या पायात चेंडू आला की मैदानाच्या कडेला बसलेली माणसे उठून उभी राहतात. नव्या मांडणीत त्याला विंगबॅक करण्याचा त्यांचा विचार आहे. तो त्यांनी सोडावा, त्याच्या मागे एक साधा, जागा न सोडणारा डावा फुल बॅक उभा करावा, आणि मोसमाचे पहिले पाच सामने तरी त्या मुलाला प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागातच चेंडू मिळेल अशी व्यवस्था करावी.