बंबाचं धुराडं: भिंतीतून की छपरातून?

कोकणातल्या कौलारू घराच्या न्हाणीत पाणी तापवायचा बंब बसवायचा ठरला की गवंडी पहिल्यांदा हेच विचारतो. बहुतेक जण ‘भिंतीतून’ म्हणतात. जांभ्याला भोक पाडणं सोपं, आणि कौलांना हात लावला की पुढचे चार महिने गळतीची धास्ती.

पण धुराडं ओढतं ते उष्णतेच्या जोरावर. नळी जितकी उंच, सरळ आणि गरम, तितकी ओढ जास्त. त्यात बंबाची स्वतःची अडचण अशी, की त्याचा मधला नळा चहूबाजूंनी पाण्यात असतो. धुरातली उष्णता पाण्याने घेतली म्हणूनच पाणी तापतं, त्यामुळे वर येणारा धूर अर्धामुर्धा निवलेलाच असतो. त्याला आणखी काटकोनी वळण दिलं की तो न्हाणीतच घुटमळतो. शिवाय भिंतीबाहेरचा पाइप गार राहतो, आत डांबरासारखी काजळी धरते आणि नेमकी वळणावर साठते. ही काजळी कधीतरी पेटते. तोंड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर जुलैतला वारा धूर परत घरात ढकलतो. भिंतीतूनच न्यायचं असेल तर काटकोनाऐवजी तिरकी वळणं घ्या, काजळी काढायला खाली झाकण ठेवा आणि पाइप बाहेर उभा चढवून छपराच्या वर न्या. पागोळ्यांखाली संपवलेला पाइप म्हणजे ठिणग्या थेट वाशांना.

छपरातून नेलेली नळी सरळ असते, बरीचशी घरात राहून गरम असते, आणि साफ करताना ब्रश एका दमात खालपर्यंत जातो. धोका आहे तो रीपा-वाशांचा. एकेरी पत्र्याच्या नळीपासून लाकूड १८ इंच लांब हवं, असं अमेरिकेतले अग्निसुरक्षेचे नियम सांगतात. छपरातून जाताना तर तिथे एकेरी नळी चालतच नाही, मधे उष्णतारोधक भरलेली दुहेरी लागते. ती महाग पडते, पण पैसे वाचवायची जागा ही नव्हे. टोक छपराच्या वर किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही वर २ फूट. गळतीसाठी वरच्या ओळीतल्या कौलांखाली सरकवलेला पत्रा आणि नळीला कॉलर.

स्लॅबच्या घरात मात्र सळ्या कापण्यापेक्षा भिंतच बरी.

पाइप जस्त चढवलेल्या पत्र्याचा चालतो, पण काजळीतलं आम्ल त्याला खातं. स्टेनलेस जास्त टिकतो. सिमेंटचा जुना पाइप फुकट मिळाला तरी नको, तापला की तडकतो, फुटतोही. पीव्हीसीचा विचारसुद्धा करू नका.

दोन्हींत एक गोष्ट सारखीच. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस बाहेर पळतो, पण नुसते निखारे उरले की धूर दिसत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र निघत राहतो. ‘धूर थांबला’ म्हणून खिडकी लावून आंघोळीला बसणं हेच सगळ्यात वाईट.

माझं मत विचाराल तर एकमजली कौलारू घराला छप्परच. खर्च झेपत नसेल तर बंब मागच्या उघड्या पडवीत ठेवून बादल्या उचललेल्या परवडल्या. आणि कुठूनही न्या, पावसाळ्यात नळी थंडगार असते, तेव्हा सोडणं (नारळाची सालं) घालण्याआधी एखादी सुकी चुडत (माडाची झावळी) नाहीतर कागद पेटवून नळी आधी गरम करून घ्या.