गावचं घर: सामाईक ठेवावं, एकाने घ्यावं की विकावं?

आई-वडील दोघेही गेले, वर्षश्राद्ध उरकलं, की भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विषय काढतंच: गावच्या घराचं काय करायचं? कोकणात तर थांबायला फारसा वावच नसतो. बंद कौलारू घराची चार कौलं सरकली आणि कुणी बघितलं नाही, की वासे कुजायला लागतात आणि भिंतीला वाळवी धरते. तरी बहुतेक कुटुंबं निर्णय लांबवतात आणि कुलूप लावून मुंबईला परततात. माझ्या मते सगळ्यात महाग पर्याय हाच, कारण खर्च वाढतो तसे वारसही वाढतात. त्यामुळे घराची किंमत काढण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. वर्षाचा खर्च कोण उचलणार? आणि पुढच्या पिढीत सह्या किती लागतील?

सामाईक ठेवायचं असेल तर

सुरुवातीला हे फुकटात पडतं. भारतात आज वारसा कर नाही (इस्टेट ड्युटी 1985 मध्येच रद्द झाली), मुद्रांक शुल्क नाही, कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. गणपतीला सगळ्यांना हक्काची जागा राहते.

अडचण दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. शाकारणी (छपराची डागडुजी), घरपट्टी, वीजबिल, आगरातली (घराभोवतीच्या बागेतली) साफसफाई, लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे पैसे. समजा हे सगळं मिळून वर्षाला 60 हजार होतात. चार भावंडांत प्रत्येकी 15 हजार, म्हणजे फार नाही. पण थोरल्याच्या फ्लॅटचं कर्ज कधीच फिटलंय, त्याला पेन्शन आहे. धाकटी अजून भाड्याच्या घरात राहते, मुलांची फी भरते आणि गावी जेमतेम दोन दिवस येते. थोरल्याला जी रक्कम किरकोळ वाटते ती तिला टोचते, आणि तिचा हिस्सा विकला तर तिच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट उभं राहू शकतं. हे तिने तोंडाने बोलायची वाट बघू नये, थोरल्यानेच विषय काढावा.

आता सह्यांचं गणित. चारपैकी एक भाऊ मृत्युपत्र न करता वारला तर त्याची बायको आणि दोन मुलं येतात. बहीण गेली तर तिचा नवरा आणि मुलं. म्हणजे चाराचे सात-आठ व्हायला दोन मृत्यू पुरतात, त्यात एखादा परदेशात असतोच.

तरीही सामाईकच ठेवायचं असेल तर लेखी करार करा. घर उभं ठेवण्याचा खर्च हिश्श्याप्रमाणे, राहण्याचा खर्च राहील त्याचा, त्यासाठी वेगळं बँक खातं. आणि ज्याला बाहेर पडायचंय त्याला किंमत कशी ठरवून, किती वर्षांत द्यायची तेही आत्ताच लिहा. भांडण झाल्यावर हे कलम कुणी लिहून देत नाही.

एकाने बाकीच्यांचे हिस्से घ्यायचे असतील तर

एखादा भाऊ किंवा बहीण जवळपास राहत असेल, किंवा निवृत्तीनंतर खरंच गावी जाणार असेल, तर मला हा पर्याय सगळ्यात बरा वाटतो. घराला एक मालक मिळतो आणि कौलं फुटली तर कुणाची परवानगी काढत बसावं लागत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत भावंडांमध्ये मोबदला न घेता केलेल्या हक्कसोड पत्राला (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. पैसे देऊन होणार असेल तर शुल्क आणि कर दोन्हीचं चित्र बदलतं, म्हणून दस्त करण्याआधीच वकिलाला विचारा. दस्त नोंदणीकृतच हवा. स्टँपपेपरवर घरी लिहून ठेवलेला कागद उपयोगाचा नाही.

इथे एक सवय मोडायला हवी. ‘बहिणी हक्कसोड देतातच’ असं गृहीत धरून कागद तयार केले जातात. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलींचा वाटा 1956 पासूनच बरोबरीचा आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत 2005 च्या दुरुस्तीने त्यांना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. बहिणीला सोडायचंच असेल तर खुशाल सोडावं, पण आपण किती किमतीचं सोडतोय हा आकडा तिला सहीच्या आधी कळला पाहिजे.

आई किंवा वडील हयात असतील आणि घर त्यांच्या मालकीचं असेल तर बक्षीसपत्राचा मार्गही आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलामुलीला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, नोंदणीचा खर्च वेगळा. मात्र सांभाळ करण्याची अट त्याच कागदात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली अट मोडली म्हणून बक्षीस रद्द करून घेताना त्या ओळीचा मोठा आधार असतो.

वाटणी आणि होमस्टे

जमिनीची वाटणी होऊ शकते, घराची क्वचितच. माजघरात भिंत घातलेली घरं गावोगाव दिसतात. दोन्ही बाजूंना अंधार. होमस्टेचं म्हणाल तर गावात पूर्णवेळ राहणारं माणूस असेल तरच. मुंबईतून फोनवर तो चालत नाही.

विकायचं असेल तर

पुढच्या पिढीतलं कुणीच जाणार नसेल तर सह्या कमी आहेत तोवर विकावं, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नये. पण आधी तीन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे कर. कर नफ्यावर लागतो आणि तो काढताना खरेदीची किंमत तुमच्या आधीच्या मालकाची धरतात. मालमत्ता 1 एप्रिल 2001 च्या आधीची असेल तर त्या दिवशीचं बाजारमूल्य घेता येतं, त्यासाठी मूल्यांककाचा अहवाल करून घ्या. 23 जुलै 2024 च्या आधी मिळालेल्या घरासाठी निवासी भारतीयांना 12.5 टक्के थेट किंवा इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) घेऊन 20 टक्के, यातला कमी भरणारा कर निवडता येतो. नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं तर सवलत मिळते, म्हणजे धाकटीचं डाउन पेमेंट इथे दुहेरी कामाला येतं.

दुसरी म्हणजे घरालगतची शेतजमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला ती सहसा विकत घेता येत नाही. सगळीच विकून टाकलीत तर पुढे मुलांना शेत घ्यावंसं वाटलं तरी शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? एखादा छोटा गट नावावर राहू द्या.

आणि तिसरी, एकटाच हिस्सा विकायला निघालेल्यासाठी. एकत्र वारस झालेल्या भावंडांना तो हिस्सा आधी घेण्याचा अग्रहक्क आहे (हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम 22). बाहेरच्याशी बोलणी करण्याआधी भावंडांना लेखी विचारा.

यातलं काहीही ठरवण्याआधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या कर आकारणीची नोंद) काढून बघा. बऱ्याच घरांत तिथे अजून आजोबांचंच नाव असतं, आणि मग प्रश्न चार भावंडांचा राहत नाही, चुलत घरंही त्यात येतात. तसं असेल तर पहिलं काम वारस नोंदीचं.