राजाबहादूर मिलमध्ये जाणार असाल तर दुपारी जा, आणि घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन जा

स्टेशनजवळच्या राजाबहादूर मिलच्या आवारात आता हॉटेलं, कॅफे झालेत हे पुण्यात बहुतेकांना माहितीये, पण आमच्या घरातून तिथं फक्त पोरंच जायची आणि तेही रात्री. मागच्या बुधवारी मी सासऱ्यांना घेऊन गेले. अण्णा सोलापूरला गिरणीत साचे खात्यात (साचा म्हणजे कापड विणायचा माग) होते, विणकर, गिरणी बंद पडेपर्यंत. त्यामुळे हा रिव्ह्यू जेवणापेक्षा जागेचाच जास्त झालाय.

ही गिरणी १८९३ ची. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ ला सुरू झाली, १८६३ ला बोरघाटाचं काम झालं आणि पुणं थेट मुंबईला जोडलं गेलं, मग कापसाच्या गाठी आणायच्या, कोळसा आणायचा, तयार कापड पाठवायचं तर स्टेशनजवळची जागा सोयीचीच, शिवाय नदीही लांब नाही. अण्णा दारातच थांबले, दगडी भिंतीवर हात ठेवून वर बघत राहिले. मग म्हणाले, "भोंगा कुठं असेल गं हिथला?"

आधी ज्या हॉटेलात शिरलो (नाव लिहीत नाही) तिथं मला खरंच वाईट वाटलं. छपरातल्या काचांना काळा रंग मारलेला, दुपारी दोन वाजता आत मिट्ट काळोख आणि वर निळे लाइट. अण्णा म्हणाले, आमच्या गिरणीचं छप्पर करवतीच्या दातासारखं होतं, काचा सगळ्या उत्तरेकडं, म्हणजे ऊन थेट साच्यावर पडत नाही पण दिवसभर सारखा उजेड राहतो आणि तुटलेला धागा लगेच दिसतो. खिडक्या मात्र उघडायच्या नाहीत, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून आत पाण्याचे फवारे चालू असायचे आणि माणसं घामानं निथळायची. एवढा विचार करून ज्या छपरातून उजेड घेतात तोच रंग मारून बंद करायचा? पाणी पिऊन बाहेर पडलो.

दुसऱ्या कॅफेत मात्र जीव रमला. छप्पर तसंच उंच ठेवलंय, उजेड वरून येतो, लोखंडी खांबावर जुन्या बोल्टांची भोकं बुजवलेली नाहीत. अण्णांनी एका भोकात बोट घालून बघितलं, म्हणाले इथून शाफ्ट गेला असणार, पूर्वी एकाच इंजिनावर सगळं चालायचं, पट्टे लावून. त्यांनी चहा घेतला, मी कॉफी आणि सँडविच, बिल ७८० झालं, महाग आहेच पण कोणी उठवलं नाही, दोन तास बसलो. सँडविच ठीक, चहा फिका.

मग त्यांनी कापडी नॅपकिनच्या कडेचा एक धागा ओढला, तोडला, आणि एका हातात दोन्ही टोकं धरून गाठ मारली. माझं लक्ष होतं तरी कशी मारली ते कळलं नाही. गाठ इतकी बारीक की बोटाला लागेना. "फणीतनं जायला पाहिजे की, नाहीतर परत तुटतंय," म्हणाले. फणी म्हणजे मागावरचे बारीक दात, त्यांच्या फटींतून धागे जातात. वाढणारा मुलगा लातूरकडचा, तो ट्रे ठेवून उभाच राहिला. काका परत दाखवा म्हणाला, तीन वेळा दाखवली, चौथ्यांदा त्याला जमली.

मुंबईत १९८२ च्या संपानंतर किती गिरण्यांची नुसती चिमणी उरली, काहींची तीही नाही. इथं भिंती वापरात आहेत, आत माणसं बसतात, हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त शनिवारी रात्री जाऊ नका, मुलं सांगतात गाणी इतकी मोठी असतात की बोलणं ऐकू येत नाही. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, आम्ही साच्यांच्या आवाजात ओठ बघूनच बोलायचो, मला चालेल.

दिवाळीनंतर त्यांचे दोन सोबती सोलापूरहून येणारेत. त्या खांबाजवळचं टेबल आधीच सांगून ठेवलंय.