दोहा की दुबई: बिझनेस क्लासची दोन लाउंज

मुंबईहून युरोपला जाताना मधले चार-पाच तास दोह्यात काढावेत की दुबईत, हा प्रश्न केवळ लाउंजपुरता पाहिला तर माझा कौल दोह्याला आहे. दोह्याच्या हमद विमानतळावरील कतार एअरवेजचे अल मुर्जान लाउंज सुमारे १०,००० चौरस मीटरचे असून, २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘द गार्डन’ या त्याच्या दुसऱ्या दालनातून विमानतळाच्या आतली झाडी दिसते. दुबईच्या टर्मिनल ३ मधील ए कॉन्कोर्सवर (विमानांत चढण्याची दारे असलेल्या इमारतीत) एमिरेट्सचे लाउंज मात्र इमारतीच्या जवळजवळ संपूर्ण लांबीभर पसरलेले आहे आणि तेथून काही दुमजली ए३८० विमानांत थेट चढता येते. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना ही सोय बागेपेक्षा मोलाची वाटेल. दोन्ही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त बिझनेस भाड्यात लाउंजप्रवेश धरलेला नसतो, हे तिकीट काढतानाच पाहावे.