जुन्या मस्टँगचे ब्रेक पार्ट: ओरिजिनल शोधायचे, रिबिल्ड करायचे, नवीन घ्यायचे की सरळ डिस्क टाकायचे?

१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग घेतली, जॅकवर चढवली, चारही चाकं काढली आणि आता ब्रेकचं सामान कुठलं मागवायचं इथे गाडी अडली आहे, अशा माणसासाठी हे लिहितोय. पर्याय तसे चार. फोर्डचाच त्या काळचा न वापरलेला पार्ट शोधायचा, ज्याला अमेरिकेत सगळे एनओएस म्हणतात. नाहीतर गाडीवरचा जुनाच रिबिल्ड करून घ्यायचा. नाहीतर आज बनणारा रिप्रोडक्शन किंवा साधा दुकानातला पार्ट. आणि चौथा म्हणजे पुढच्या ड्रमचा नाद सोडून डिस्क किट. माझं मत आधीच सांगून टाकतो, अख्ख्या गाडीसाठी एकच पर्याय धरून बसू नका, प्रत्येक पार्टचा वेगळा विचार करा. ओतीव लोखंड जितकं मूळचं राहील तितकं बरं, पण रबर आणि लायनिंग (ब्रेकचा घासणारा थर) आजचंच हवं, डब्यावर काहीही छापलेलं असू दे.

पण ऑर्डर द्यायच्या आधी गाडी नक्की काय आहे ते बघून घ्या, आणि ते कागदावर बघू नका, चाकांवर बघा. सिक्स सिलेंडर मस्टँगला कंपनीतून चार नटांची चाकं आणि ९ इंची ड्रम यायचे, व्ही८ ला पाच नट आणि १० इंची ड्रम. व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख नंबराचं, पाचवं अक्षर इंजिन सांगतं, ६५ च्या गाडीला तिथे टी असेल तर २०० क्युबिक इंचाचं सिक्स, सी किंवा ए असेल तर २८९ व्ही८, के असेल तर हाय परफॉर्मन्सवालं २८९. पण साठ वर्षांत अशा कितीतरी सिक्समध्ये व्ही८ बसवलं गेलंय, आणि त्यात कुणी पुढची बाजू पाच नटांची केली आणि मागचा ॲक्सल चार नटांचा तसाच ठेवला हेही बघायला मिळतं. म्हणून नट पुढे मागे दोन्हीकडे मोजा, मागचा ॲक्सल खाली वाकून बघा, सिक्सचा सव्वासात इंची असतो आणि त्याला मागून झाकण असतं, व्ही८ चा ८ इंची, त्याचा मधला गोळा पुढून निघतो. मग ड्रम काढून आतला व्यास मोजा. दारावरच्या प्लेटवर रंग, ट्रान्समिशन, ॲक्सल रेशो सगळं मिळतं, पण डिस्क ब्रेक होते की नव्हते ते तिथे लिहिलेलं नसतं. १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मागवता येतो आणि त्यात कंपनीतून आलेले ऑप्शन कळतात, ६५-६६ वाल्यांना ती सोय नाही.

व्हीआयएन बघताच आहात तर दुसरं अक्षरही बघा. एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, आणि टी असेल तर गाडी न्यू जर्सीतल्या मेटचन प्लांटची. हा प्लांट एडिसनमध्ये रूट १ ला लागून होता, २००४ मध्ये बंद झाला. आज त्याच एडिसनमध्ये एवढी मराठी कुटुंबं राहतात, ओक ट्री रोडला दर वीकेंडला किराणा भरतात, आणि मस्टँग आपल्या गावात बनायची हे बऱ्याच जणांना माहीतही नसतं, मला तर ह्या गोष्टीचं अजून अप्रूप आहे.

आता एनओएस. डब्यावरचा नंबर वाचता आला की निम्मं काम झालं. समजा नंबर सी५झेडझेड ने सुरू होतो, तर सी म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, पहिला झेड म्हणजे मस्टँग, दुसरा झेड म्हणजे सर्व्हिस पार्ट. मधला आकडा वस्तू कुठली ते सांगतो, २१४० म्हणजे मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब तेलाला देणारा), २२६१ म्हणजे मागचा व्हील सिलेंडर (चाकात त्या दाबाने शू ढकलणारा). पार्टच्या अंगावर ओतलेला नंबर मात्र इंजिनिअरिंगचा असतो, तो डब्यावरच्या नंबरासारखा दिसतो पण अगदी तोच नसतो, त्यामुळे दोन्ही जुळले नाहीत म्हणून लगेच विकणाऱ्यावर संशय घेऊ नका. डबा मोटरक्राफ्टचा असेल तर तो पार्ट सत्तरच्या दशकात किंवा नंतर पॅक झालेला, बसेल व्यवस्थित, पण मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाच्या कॉनकोर्स जजिंगला, म्हणजे गाडी किती मूळची आहे हे तपासणाऱ्या स्पर्धेला, गाडी न्यायची असेल तर असे बारकावे बघितले जातात.

एनओएस मध्ये ड्रम, हब, बॅकिंग प्लेट, हँडब्रेकचे लिव्हर, ॲडजस्टर हे मिळाले तर डोळे झाकून घ्या, फक्त गंज आणि तडा बघा. व्हील सिलेंडर मिळाला तर उघडा, आत बोअर (पिस्टन सरकतो ती पोकळी) स्वच्छ असेल तर नवीन किट टाकून वापरा, पन्नास वर्षं डब्यात पडलेला रबर कप वरून चांगला दिसतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात गळतो. एनओएस होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, तर अजिबात नको. जुना होज आतून फुगतो, पेडल दाबलं की तेल पुढे जातं आणि सोडल्यावर परत येत नाही, मग एका बाजूचा ब्रेक लागूनच राहतो आणि माणूस आठवडाभर व्हील सिलेंडरला दोष देत बसतो. आणि एनओएस शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे लायनिंगवाले तुकडे, हे मात्र कळकळीने सांगतो, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. घासू नका, कापू नका, ड्रममधली जुनी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. ओरिजिनल म्हणून मिरवण्यासाठी फुप्फुसाशी खेळ नको.

रिबिल्डची बाजू मला सगळ्यात जवळची वाटते आणि लोक नेमकी तीच सगळ्यात कमी विचारात घेतात. मूळ मास्टर सिलेंडरचा किंवा व्हील सिलेंडरचा बोअर खड्डे पडून गेला असेल तर आत पितळेचा किंवा स्टेनलेसचा स्लीव्ह बसवून परत मूळ मापाला आणता येतो, बाहेरून फोर्डचं कास्टिंग तसंच राहतं. कंपनीतून डिस्क आलेल्या गाड्यांना, म्हणजे ६५ ते ६७ मधल्या ऑप्शनवाल्या गाड्यांना, केल्सी-हेजचे चार पिस्टनचे कॅलिपर असायचे, त्यांचं दुखणं हेच, बोअरला गंज धरतो आणि सील कितीही वेळा बदला, पुन्हा गळतात. त्यांना स्टेनलेस स्लीव्ह हाच कायमचा इलाज आहे. तोटा एवढाच की पार्ट कुरियरने पाठवा, आठवडे थांबा, आणि पैसेही दुकानातल्या नव्या पार्टपेक्षा जास्त.

ड्रमचं म्हणाल तर मूळ ड्रम लेथवर टर्न करून वापरता येतो, पण ९ किंवा १० इंचाच्या वर ०.०६० इंचापर्यंतच, त्यापुढे गेला असेल तर तो ड्रम संपला. आणि पुढचा ड्रम हबपासून वेगळा करताना थांबा! मूळ ड्रम हबला स्टडच्या (चाकाच्या बोल्टच्या) खांद्यावर फुगवून पक्का केलेला असतो, तो फुगवटा आधी कापून काढावा लागतो, सरळ प्रेसने स्टड ढकलले की हबची भोकं मोठी होतात आणि नवे स्टड तिथे पक्के बसत नाहीत. ज्या मशीन शॉपला हे सांगून समजत नाही तिथे हब ठेवू नका.

नवीन पार्टमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांचा घोळ होतो. रिप्रोडक्शन म्हणजे दिसायला मूळ पार्टसारखा बनवलेला, तो सीजे पोनी पार्ट्स किंवा नॅशनल पार्ट्स डेपो असल्या मस्टँगवाल्यांकडे मिळतो. दुसरा म्हणजे साधा रिप्लेसमेंट, रॉकऑटोवर वर्ष, मॉडेल, इंजिन निवडलं की येतो, स्वस्त आणि दोन दिवसात दारात. शू, होज, स्प्रिंगचा संच, सील किट ह्यांच्यासाठी दुसरी जात पुरेशी आहे, तिथे रिप्रोडक्शनचे जादा पैसे कशाला. पण तिथे वेबसाइट विचारेल की ९ इंची का १० इंची, डिस्क का ड्रम, आणि तुम्ही वर सांगितलेली मापं घेतली नसतील तर उत्तर अंदाजाने द्याल आणि अंदाज चुकला की पार्सल परत. आलेला पार्ट जुन्याशेजारी ठेवून बघा, व्हील सिलेंडरचा बोअर व्हर्नियरने मोजा, होजची लांबी आणि टोकाचे आटे बघा. सेल्फ ॲडजस्टरचे स्क्रू डाव्या उजव्या बाजूचे वेगळे असतात, आटे उलटे असतात, अदलाबदल झाली तर शू बाहेर सरकण्याऐवजी आत सरकत जातो आणि पेडल दिवसेंदिवस खाली जात राहतं. शूमध्ये कमी लायनिंगवाला पुढच्या अंगाला, जास्तवाला मागच्या अंगाला.

ब्रेक लाइनसाठी तयार वाकवलेले सेट मिळतात आणि तेच घ्या, विशेषतः गाडी न्यू जर्सी, मिशिगन असल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या भागातली असेल तर जुनी एकही लाइन ठेवू नका. साधं स्टील मूळचं दिसतं आणि फ्लेअरला (नळीच्या फाकवलेल्या टोकाला) चटकन सील होतं, स्टेनलेस गंजत नाही पण कडक असल्याने जॉइंट गळून त्रास देतो, आणि कॉपर-निकेल वाकवायला सगळ्यात सोपं पण रंगावरून लगेच ओळखू येतं. मी स्वतः साधं स्टील घेईन. गाडी पुण्या-मुंबईत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, इथल्या ब्रेकवाल्याकडचं बरंचसं फिटिंग मेट्रिक असतं, आणि ह्या गाडीला इंची आट्यांचे नट आणि ४५ अंशाचा डबल फ्लेअर लागतो, तेव्हा लाइनचा पूर्ण सेट नटांसकट अमेरिकेतूनच मागवा, एखादा नट जबरदस्तीने फिरवून बसवला तर पितळी ब्लॉकचे आटे जातात.

आता डिस्क. बाजूने बोलायचं तर लांब उतारावर ड्रम तापून ब्रेक कमी लागतात, पाण्यातून गेल्यावर गाडी एका बाजूला ओढते, डिस्कला हा त्रास फार कमी. पण ज्यांनी ड्रमवर गाडी चालवलीय त्यांना पहिला धक्का पेडलचा बसतो, कारण ह्या ड्रमची रचनाच अशी की शू फिरत्या ड्रमसोबत स्वतःच जास्त दाबला जातो, डिस्कमध्ये ती आयती मदत नाही, त्यामुळे बूस्टरशिवाय (पेडलला जोर देणाऱ्या यंत्राशिवाय) पाय जास्त दाबावा लागतो. शिवाय फक्त कॅलिपर आणि रोटर बसवून भागत नाही. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड घासतच राहतात. मागच्या लाइनला दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर जोरात दाबल्यावर मागची चाकं आधी जाम. १३ इंची चाकं असतील तर तीही बदलायची, आणि काही जुनी १४ इंची स्टील चाकंही कॅलिपरला घासतात. चार नटवाल्या सिक्सला पाच नटांवर न्यायचं तर व्ही८ चे स्पिंडल, त्याला जुळणारे टाय रॉड एंड, आणि मागचा ॲक्सल, इतकं सगळं ओघाने आलं.

म्हणून माझा सल्ला असा. सिक्स असेल आणि रविवारी सकाळी गावात फिरवायची असेल तर ९ इंची ड्रम ठेवा, मूळ ड्रम टर्न करा, नवे शू आणि होज टाका, नीट ॲडजस्ट केलेले ड्रम तेवढ्या कामाला उत्तम आहेत. व्ही८ असेल आणि हायवेला ट्रकच्या मधून चालवणार असाल तर पुढे डिस्क करा, शक्य असेल तर केल्सी-हेजच्याच धर्तीचं चार पिस्टनवालं किट, पुढेमागे विकताना ते मस्टँगवाल्यांना पटतं. कॉनकोर्सवाल्यांनी रिबिल्ड आणि एनओएस लोखंड, दुसरं काही नाही.

आणि जजिंगची गाडी सोडून बाकी सगळ्यांनी मास्टर सिलेंडर ड्युअल करून घ्या. ६६ पर्यंत ह्या गाडीला एकच टाकी आणि एकच सर्किट होतं, एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ च्या मॉडेलपासून पुढचं मागचं सर्किट वेगळं झालं, आणि ६७ च्या ड्रम गाडीचा ड्युअल मास्टर सिलेंडर ६५-६६ ला बसवण्याचा मार्ग चांगला मळलेला आहे, लाइन आणि ब्लॉकमध्ये थोडा बदल लागतो, पुशरॉड तपासावा लागतो. दिसायला गाडी जवळपास तशीच राहते. घरच्यांना मागे बसवून नेणार असाल तर ह्या एका खर्चात काटकसर करू नका, हवं तर सीटची कव्हरं पुढच्या वर्षी करा.

तेलाचं थोडक्यात: डॉट ३ किंवा डॉट ४ हवेतलं पाणी ओढतं म्हणून दर दोनेक वर्षांनी बदला, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, पाणी ओढत नाही, रंगही खात नाही, उभ्या राहणाऱ्या गाडीला चांगलं, पण दोन्ही एकत्र चालत नाहीत, त्यामुळे डॉट ५ टाकायचं तर सगळं सील आणि लाइन नवीन असतानाच.

खरेदीसाठी ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियात हर्शीला भरणारा जुन्या गाड्यांचा बाजार एकदा तरी करा, खिशात व्हर्नियर आणि फोनमध्ये आपल्या पार्टचे सगळ्या बाजूंनी फोटो. आणि काढलेले ड्रम, कॅलिपर, मास्टर सिलेंडर भंगारात देऊ नका, नवा पार्ट नीट बसला नाही तर स्लीव्ह टाकायला तेच लागणार आहेत, डावा उजवा लिहून खोक्यात ठेवा.