निशी-कासाईच्या दुकानातलं सुकं वाकामे: मधुमेह असलेल्या बाईचा अनुभव

लेकीकडे तोक्योला तीन महिने होते. निशी-कासाईत तिच्या घराजवळच्या दुकानात सुकं, कापलेलं वाकामे मिळतं. समुद्री शेवाळ म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं, पण आपला चायना ग्रास तरी कशाचा असतो?

पाकिटातला माल काळपट, चहापत्तीसारखा. थंड पाण्यात पाच मिनिटांत हिरवागार होतो आणि दहापट फुगतो. पहिल्या दिवशी मूठभर भिजवलं, तर पातेलं भरलं. दोघींना एक मोठा चमचा पुरे. ते पाणी मी फेकून देते आणि वाकामे पुन्हा एकदा धुते, कारण यात मीठ भरपूर आणि मला रक्तदाबही आहे.

जपानी पद्धतीत काकडी-वाकाम्याला व्हिनेगरबरोबर साखरही लावतात. मी साखर वगळून लिंबू, दाण्याचं कूट आणि हिरव्या मिरचीची फोडणी घातली. झकास कोशिंबीर झाली! किंचित बुळबुळीत लागते, पण चावायला छान. तयार सॅलडच्या डब्यात मात्र साखर असते. मी ते घेतलं नाही.

ही कोशिंबीर आधी खायची, मग आमटी-भात. जेवणानंतर दोन तासांनी माझी साखर 190च्या पुढे जायची, ती बहुतेक दिवस 160-165 राहिली. भातही मी दोन वाट्यांवरून एकीवर आणला होता, त्यामुळे सगळं श्रेय वाकाम्याला देणार नाही. यातला विरघळणारा तंतू पोटात चिकटसर होतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते, एवढं खरं. पण मधुमेहाच्या रुग्णांवर झालेले अभ्यास छोटे आहेत. मेटफॉर्मिन मी एक दिवसही चुकवली नाही.

थायरॉइडवाल्यांनी मात्र हे नीट वाचा. मी सकाळी थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन, घेते. माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, फार जास्त झालं तर थायरॉइड बिघडू शकतं, आणि कोंबू नावाच्या दुसऱ्या समुद्री शेवाळाच्या एका सुक्या ग्रॅममध्ये त्याच्या दहापटही असू शकतं. वाकाम्यात बरंच कमी, तरी नगण्य नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून आठवड्यातून तीनदाच खाल्लं आणि परतल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासला. ठीक आला. हिजिकी नावाचं काळं शेवाळ तर घेऊच नका, त्यात आर्सेनिक असतं.

लेक पुढच्या महिन्यात येतेय. वाकाम्याची दोन पाकिटं आणायला सांगितली आहेत, कोंबू नको हेही बजावलंय.