बॉनेट आमचं, चेसिस कुणाची?

गेल्या आठवड्यात देवगडकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या आजोबांनी विकलेली जीप एका माणसाने शोधून काढलीये आणि तो म्हणतोय, गुहागरच्या अमक्यांना विचारा, त्यांनाही त्यांची जीप मीच परत मिळवून दिली. ते अमके म्हणजे मी. मी त्या माणसाविरुद्ध पोलिसांत अर्ज दिलाय, आणि तो माझंच नाव ओळखीसाठी पुढे करतोय! देवगडच्या गृहस्थांना तासभर सगळं सांगितलं. त्यांनी विसार दिला नव्हता, वाचले. असे अजून किती जण असतील कोण जाणे, म्हणून इथेही लिहितो. थोडं लांबेल.

आमची जीप म्हणजे महिंद्राची एमएम 540, 1994 ची. प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन, 62 अश्वशक्ती. आकडा आज ऐकायला किरकोळ वाटतो, पण लो गिअर टाकला की आंब्याच्या पेट्या भरून ही गाडी सड्यावरनं वाडीत अशी उतरायची, की बैलगाडीवाल्याने रस्ता सोडावा. आमची बाग कातळावर. रस्ता असा नाहीच, मध्ये वहाळ. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती गाडी हळूहळू आपल्या कामाची करून घेतली होती. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवले, मागची सीट काढून पेट्यांसाठी लोखंडी पट्ट्या ठोकल्या, वहाळातलं पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सरचा पाइप वर घेतला, ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे टायर घातले. आजच्या नियमात यातलं निम्मंअधिक बसणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांच्या बाबतीत कडक आहे आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. तेव्हा आमच्याकडे कोण विचारत होतं?

2011 साली आबांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं आणि जीप विकली. कराडकडचा गिऱ्हाईक होता. मालकी बदलाचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म आबांनी कोरेच सही करून दिले, पैसे घेतले, विषय संपला. असं करायचं नसतं हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवायचं असतं. आम्ही कळवलं नाही. त्याने चढवलं नाही. पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ हे.

दहा-बारा वर्षांनी हातात थोडे पैसे आले तेव्हा मला ती जीप आठवायला लागली. खरं सांगायचं तर आबांना नाही, मला. ते म्हणाले, "पिकअप आहे ना? मग?" पण मी जीपवाल्यांच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर जुने फोटो टाकले, नंबर प्लेटसकट. आणि खाली हौसेने लिहिलं, की डाव्या मागच्या कोपऱ्यात फणसाच्या झाडाला घासून पडलेला खोल पोचा आहे, डॅशबोर्डवर पितळी गणपती स्क्रूने बसवलेला आहे, मागे पेट्यांच्या पट्ट्यांसाठी दोन्हीकडे सहा-सहा भोकं आहेत. हरवलेल्या मुलाची खूण सांगावी तसं. खरं तर मी त्या माणसाला मालाची ऑर्डर लिहून देत होतो.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. बोलायला अतिशय गोड, "दादा" शिवाय शब्द नाही. गाडी सापडलीये, पण अवस्था वाईट आहे. चिपळूणला एका गॅरेजमध्ये उभी होती, 22 जुलै 2021 च्या पुरात बुडाली, मालकाने भंगारात काढली, मी उचलली, आता कोल्हापूरकडे आहे. चिपळूणच्या त्या पुरात काय काय बुडालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही. पुढे जे जे जुळत नव्हतं त्या प्रत्येकाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं. इंजिन दुसरं का? पुरात गेलं, म्हणून महिंद्राच्याच कमांडर जीपचं डीआय इंजिन बसवलं. पत्रा नवा का वाटतोय? पुराने सडला, म्हणून बॉडी हरियाणातल्या मंडी डबवालीहून आणली. ही डबवालीची गोष्ट तशी खोटी म्हणता येत नाही. जीपच्या तयार बॉड्या तिथे बनतात आणि देशभर जातात हे या छंदातल्या सगळ्यांना माहीत आहे. मग मी विचारलं, नव्या बॉडीवर फणसाचा पोचा कसा? तर म्हणाला, "दादा, मागचा पत्रा तुमचाच ठेवलाय. भावना असतात ना माणसाच्या."

मी विरघळलो. दुसरं काय लिहू.

त्याने वाहनांची नोंदणी दाखवणाऱ्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून दाखवला. मालकाचं नाव आबांचं! बारा वर्षांत नाव बदललंच नव्हतं. मला वाटलं, देवाचाच कौल. नोंदणीची मुदत 2014 साली संपली होती, पण तो म्हणाला, नंबर मी जिवंत करून देतो, पाच हजार फी आणि पर्यावरण कर भरला की झालं. आबांनी मात्र फोनवर एकच सांगितलं, "चेसिस नंबर ताडून बघ, मेल्या." ॲपवर शेवटचे आकडे झाकलेले असतात, पण आमच्या ट्रंकेत जुन्या आरसी बुकाची झेरॉक्स होती. ती घेऊन मी गेलो. गाडीखाली वाकलो, उजव्या बाजूला चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर पुसून बघितला. एकूण एक आकडा जुळला. आणि मग मी बॉनेट उघडलं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला आबांनी पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेले दोन फोन नंबर होते. जुने, कमी आकड्यांचे, एक चिपळूणच्या मेकॅनिकचा आणि एक आंब्याच्या व्यापाऱ्याचा. अक्षर आबांचं, ‘व्या’ काढायची तऱ्हा त्यांची. या खुणेबद्दल मी कुणाला काही बोललो नव्हतो, कारण मीच विसरलो होतो. त्या क्षणी माझ्यातला व्यवहार बघणारा माणूस गाडीतून उतरून निघून गेला. बॉनेट खरंच आमचं होतं. आजही माझी खात्री आहे, आमच्या जीपचा तेवढाच तुकडा त्याला कुठल्यातरी भंगारवाल्याकडे सापडला असणार.

किंमत साडेचार लाख सांगितली, तीन लाख ऐंशी हजारांवर तुटली. पन्नास हजार विसार मोबाइलवरून, तेही एका बाईच्या नावाच्या खात्यावर. एक लाख तीस हजार बँकेतून त्याच खात्यावर. उरलेले दोन लाख गाडी उचलताना रोख, पावती नाही. मी स्टॅम्प पेपरवर करार करू म्हटलं, तर तो हसला. "दादा, गाडी तुमच्या वडिलांच्या नावावर. स्वतःची गाडी स्वतःच विकत घेतल्याचा करार कसा करणार?" तिथे उभे असलेले सगळे हसले. मीही हसलो. मूळ मालक म्हणून ज्याचं नाव तो घेत होता, त्या माणसाचं तोंड मी कधीच पाहिलं नाही.

कुंभार्ली घाटाने टेम्पोवर चढवून जीप खाली आणली. आबा खळ्यात उभे होते. बॉनेटवर हात फिरवला, आतले नंबर वाचले, गणपतीकडे बघून म्हणाले, "स्क्रू नवे आहेत." एवढंच. मग आत जाऊन चहा मागितला.

गाडी सुधारायला कुठे द्यायची हेही त्यानेच सांगितलं. ते गॅरेज त्याचं ओळखीचं. दहा महिन्यांत तिथे एक लाख सत्तर हजार गेले. पंप-नोझल, क्लच प्लेट, वायरिंग, हुड, डेंटिंग-पेंटिंग. प्रत्येक वेळी मी म्हणायचो की चेसिस साफ करून घेऊ, गंज बघू, आपल्याकडचं खारं वारं काही ठेवत नाही. उत्तर ठरलेलं, "चेसिस एक नंबर आहे, तिला हात लावू नका." आणि पासिंगचं काढलं की, "आधी गाडी नटवा, मग साहेबांसमोर न्या." हे दोन्ही सल्ले एकाच तोंडून येत असतील तर तिथेच थांबा. नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर गाडी आरटीओत न्यावी लागते, तिथे चेसिस नंबर तपासतात. ज्याचा माल सरळ आहे तो पासिंग आधी करून देईल. नटवण्यात तुमचे पैसे गुंतले की तुम्हीच गप्प बसता, हे त्याला ठाऊक असतं.

फुटलं ते वेगळ्याच कारणाने. 2024 च्या गणपतीनंतर वाडीत फिरवताना मागचा एक पाटा तुटला. चिपळूणला कशाला न्यायची म्हणून गावातल्याच वेल्डिंगवाल्या चाचांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेली, आता मुलगा काम करतो आणि ते खुर्चीवर बसून शिव्या देतात. त्या दिवशी मात्र स्वतः गोणपाट टाकून खाली सरकले. बराच वेळ आवाज नाही. मग आतूनच विचारलं, "माझ्या प्लेटी कुठे गेल्या?"

1998 साली, पेट्यांचं ओझं घेऊन घाटी चढताना मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चेसिसला तडा गेला होता. तेव्हा चाचांनी दोन्ही बाजूंनी जाड प्लेटी वेल्ड केल्या होत्या. माझ्या डोक्यातून ते पार गेलं होतं, म्हणून फोटोखाली लिहिलं नव्हतं, म्हणून नकलेत आलं नाही. चाचा म्हणाले, वेल्डिंग कापलं असतं तरी खूण राहिली असती. इथे काहीच नाही. "ही तुमची चासी नाय." मुलाने काळा रंग खरवडला तर खालून लष्करी हिरवा रंग निघाला. लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या जीपची चेसिस असावी असा चाचांचा अंदाज. कागद नसलेली गाडी स्वस्त मिळते, जिवंत करता येण्यासारखा नंबर महाग असतो. दोन्ही एकत्र केले की माझ्यासारख्याची सोय होते.

मग नंबरपाशी गेलो. मी जो नंबर पुसून हरखलो होतो, त्याच्याभोवती वीतभर जागेत धातूचा पोत वेगळा होता, किंचित खोलगट, ग्राइंडर फिरवल्यासारखा. त्यावर रंगाचा जाड थर आणि त्याखाली ठोकलेले आकडे. आकडे वाकडे आहेत की सरळ, यावर जाऊ नका. जुन्या गाड्यांचे मूळ आकडेही पुष्कळदा वाकडेतिकडे दिसतात. आजूबाजूचा लोखंडी भाग बघा, बोटाने चाचपा, नंबरच्या जागेवरचा रंग आणि तीन फूट लांबचा रंग सारखाच म्हातारा झालाय का ते बघा. मी फक्त आकडे वाचले, आणि आकडे तर त्याने माझ्यासाठीच ठोकले होते. आमचं बुक आणि आबांच्या सहीचे फॉर्म फिरत फिरत त्याच्याच हातात आले असणार.

त्या माणसाला फोन केला. दोनदा उचलला, पुरावर ढकललं, मग उचलणं बंद. गॅरेजवाला म्हणाला, मी फक्त रंगाचं काम केलं.

पोलीस ठाण्यात जे झालं ते ऐका. साहेबांनी शांतपणे कागद बघितले. आरसीवर नाव कुणाचं? वडिलांचं. गाडी कुठे आहे? आमच्या खळ्यात. करार? नाही. पावती? नाही. "मग तुमची गाडी तुमच्याकडे आहे, फसवणूक कसली?" कोल्हापूरकडे मी ज्यावर हसलो होतो, तोच प्रश्न. या वेळी कुणी हसलं नाही. वर त्यांनी हेही ऐकवलं, की खाडाखोड केलेल्या नंबरची गाडी ज्याच्या ताब्यात सापडते त्यालाच आधी विचारतात. त्यांचं चूक नव्हतं.

चिपळूणच्या वकिलांनी धागा लावून दिला. बँकेतून गेलेले एक लाख ऐंशी हजार, व्हॉट्सॲपवरचे त्याचे आवाजी निरोप, ग्रुपवर टाकलेल्या माझ्या फोटोंची तारीख, चाचांचा जबाब. रोखीच्या दोन लाखांना काहीच आधार नाही, ते गेले असं समजा म्हणाले. व्यवहार नोव्हेंबर 2023 चा, म्हणजे नवीन न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली त्याच्या आधीचा, त्यामुळे तिचं फसवणुकीचं कलम 318 नाही, आपलं जुनं 420 च. वकिलांना याची गंमत वाटत होती. मला त्यांनी आणखी एक धसका दिला. 2011 पासून आजपर्यंत त्या नंबरच्या गाडीने कुठे कुणाला उडवलं असतं, तर भरपाईसाठी आबांना धरलं असतं. नोंदणीत ज्याचं नाव तो मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट म्हटलंय. जुनी गाडी विकलेली असेल तर आज रात्रीच तिचा नंबर ॲपवर टाकून बघा कुणाचं नाव येतं ते.

लेखी अर्ज दिल्यावर पंचनामा झाला आणि जीप ठाण्याच्या आवारात गेली. पंचनाम्यावर वाहनमालक म्हणून आबांनी सही केली. तिथे एका आंब्याखाली ती उभी आहे, हुडावर पाला साचलाय. त्या खात्यावरची बाई कोण ते पोलिसांना कळलंय म्हणतात, पुढचं मला माहीत नाही. वकील म्हणाले, कोर्टात अर्ज करून सुपुर्तनाम्यावर गाडी सोडवता येईल, पण नंबरचा निकाल लागेपर्यंत रस्त्यावर काढता येणार नाही.

आबांना हे सांगितलं. सीझनचे दिवस, ते पेट्यांना गवत लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी नको. बॉनेट तेवढं आपलं आहे, ते मागून बघ."

वकिलांना विचारलंय. मुद्देमालातलं नुसतं बॉनेट परत मागणारा अर्ज त्यांनी आजवर केलेला नाही म्हणतात, पण मसुदा करतो म्हणाले.